भट्टी कुणाची

चाचणीत इंजिन फुटलं नाही, या बातमीने घरात जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. आप्पांनी "बरं झालं" म्हणून कूस बदलली. दादांनी दोन-चार फोन केले आणि मग फोन उपडा ठेवून दिला. ताई आंघोळीला गेल्या त्या बराच वेळ बाहेरच आल्या नाहीत. आणि ज्यांच्यामुळे हे सगळं घडलं असं सरकारदरबारी नोंदलं गेलं होतं ते धाकटे भाऊजी गॅलरीत उभं राहून रस्त्यापलीकडच्या करड्या गाडीकडे बघत होते.

भाऊजी परदेशातून परतले त्या आठवड्यापासून ती गाडी तिथे होती. भाऊजी कारखान्यात गेले की कारखान्यापाशी, केस कापायला गेले की केशकर्तनालयापाशी. सुरुवातीला घराने तिची धास्ती घेतली, मग तिची सवय झाली. "सोयरीक जुळवायला आल्यासारखे बसून असतात," असं आप्पा म्हणत. भाऊजींच्या डोक्यात देशाला हवं असलेलं काहीतरी आहे आणि ते कुणी पळवू नये म्हणून हा पहारा, असं दादांनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

दादांच्या बायकोला, म्हणजे वहिनीला, ते आता पटेनासं झालं होतं.

ती या घरात सून म्हणून आली तेव्हा कारखान्यात पंपांची चाकं ओतली जात. आता त्याच छपराखाली लढाऊ विमानाच्या इंजिनाची पाती ओतली जात होती. पातं तरी केवढं, माणसाच्या बोटाएवढं. पण ते ज्या आचेत फिरतं त्या आचेत खरं तर त्याचं पाणी व्हायला हवं. होत नाही, कारण आतल्या बारीक नळ्यांमधून हवा खेळत असते आणि सगळं पातं एकाच स्फटिकाचं असतं. सांधा म्हणून नाही. हे जमलेले देश जगात थोडे. ते विमान विकतात, इंजिनही विकतात, पण पातं कसं ओतायचं हे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. आपल्या देशाला आता कुणाच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. मोठ्यांच्या शेजारी खुर्ची हवी होती, आणि त्या खुर्चीचा एक पाय या घराच्या भट्टीत अडकला होता.

भट्टी ताईंची. ताई आप्पांच्या तिघा मुलांत थोरल्या. त्यांच्यामागे दादा, मग भाऊजी. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन ताई माहेरी परतल्या आणि भट्टीसमोर जाऊन उभ्या राहिल्या, त्या अजून तिथेच होत्या. वहिनी तपासणी बघायची. ओतलेलं पातं आम्लात बुडवून काढलं की धातूचा खरा चेहरा दिसतो. एकसंध असेल तर सगळीकडे एकच चमक. मध्येच दुसरा स्फटिक घुसला असेल तर तिथे वेगळ्या रंगाचा डाग, भाजलेल्या कातडीसारखा. वर्षानुवर्षं तो डाग पात्याच्या खांद्यावर यायचा, जिथे पातं रुंद होऊन बुडख्याला मिळतं तिथे. ताईंनी त्या खांद्यापायी जीव टाकला. तापलेला साचा भट्टीतून खाली सोडण्याचा वेग त्यांनी बदलून पाहिला, मध्ये थांबून पाहिलं, पुन्हा सोडून पाहिलं. डाग आक्रसत गेला. भाऊजी विमानातून उतरले तेव्हा तो नखाएवढा उरला होता. हे फक्त ताईंना ठाऊक होतं आणि वहिनीला.

म्हणूनच सरकारला गेलेल्या अहवालात "धाकट्यांनी सुचवलेल्या पद्धतीनुसार" असं वाचलं आणि खाली ताईंचीच सही दिसली, तेव्हा वहिनीने ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आधी तिला वाटायचं, भाऊजींनी खरंच तिथून काहीतरी चोरून आणलंय. सगळे तेच मनात धरून होते आणि तेच कौतुकाने बोलतही होते. मग एके दिवशी भाऊजी तपासणीच्या खोलीत आले, एक पातं उचलून उलटंपालटं केलं आणि सहज म्हणाले, "वहिनी, हे ओतताना कुठलं टोक खाली असतं गं?"

तिला आधी चेष्टाच वाटली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं की चेष्टा नव्हती.

त्या संध्याकाळी चहा पिताना तिने ती गंमत दादांना सांगितली. "बारशाला बोलावलेल्याने बाळ कुठाय विचारावं, तसं झालं," म्हणून दोघं हसलेही. पण हसता हसता वहिनीचा संशय कूस बदलून बसला. चोरी झाली होती खरी, पण परदेशातून नव्हे. ती घरातच झाली होती, ताईंच्या ताटातून.

*

रविवारी मऊसाहेब जेवायला येणार होते. या सगळ्या कामावर सरकारतर्फे देखरेख करणारा हा माणूस इतकं हळू बोलायचा की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. म्हणून आप्पांनी त्यांचं नाव मऊसाहेब ठेवलं होतं. "मऊ लागलं म्हणून कोपराने खणायला जाऊ नका," असंही त्यांनी बजावलं होतं. "खाली खडक आहे."

सकाळी स्वयंपाकघरात ताई बटाटे सोलत होत्या आणि वहिनी मासे साफ करत होती. ताईंची वरची खोली निम्मी रिकामी झाली होती. बॅग जमिनीवर उघडी पडली होती. लेक ठमी परदेशात होती, भाऊजी परतले त्याच देशात, दिवस भरत आले होते, आणि येत्या आठवड्यात ताई बाळंतपणासाठी तिच्याकडे जाणार होत्या. ठमीने पहिल्या खेपेला बाळ गमावलं होतं. त्या वेळी ताई भट्टीसमोर होत्या, आणि ती गोष्ट मायलेकी दोघीही बोलत नसत.

"ताई, एक विचारू?"

"तू विचारल्याशिवाय राहणार आहेस का?"

"ते अहवालातलं... भाऊजींचं नाव कसं काय?"

ताईंची सुरी क्षणभर थांबली. "लिहिलं ते लिहिलं. भावाचं नाव झालं तर काय बिघडलं?"

"पण खांदा तुम्ही सोडवलात. मी डोळ्यांनी बघितलंय."

"मग डोळ्यांनीच बघितलेलं राहू दे. तोंडाला त्रास देऊ नकोस." ताई हसल्या, पण ते हसू मनापासूनचं नव्हतं. "मला जाऊ दे गं एकदा पोरीकडे. बाकी गेलं खड्ड्यात."

वहिनीला ते ऐकवेना. एवढी खमकी बाई, पुरवठादारांना घाम फोडणारी, आणि धाकट्या भावापुढे अशी पड खाते? नक्कीच काहीतरी पाणी मुरत होतं. भाऊजींनी घातलेली भीड असेल, नाहीतर दादांनी आणलेला दबाव.

*

मऊसाहेब आले ते फुलं घेऊन. सोबत ड्रायव्हर होता. त्याला मागच्या दाराशी खुर्ची दिली. टेबलाशी आप्पा मधोमध, उजवीकडे साहेब, डावीकडे दादा. समोर भाऊजी आणि ताई. वहिनी वाढायला उभी.

"अभिनंदन," साहेब म्हणाले, आणि सगळे पुढे वाकले. "वरपर्यंत आनंद आहे. मला विचारलं, हे कसं जमलं? मी म्हटलं, आपलं माणूस घरी आलं."

भाऊजींनी मान खाली घातली. अशा वेळी माणसाने निदान 'छे छे' तरी म्हणावं. ते म्हणाले नाहीत.

"आता पुढचं," साहेबांनी माशातला काटा अलगद बाजूला काढला. "भट्टी आम्ही कुंपणाच्या आत घेतोय. कारखाना तुमचाच, आप्पा. फक्त दारावरची माणसं आमची."

"म्हणजे गाय माझी आणि दावं तुमचं," आप्पा म्हणाले.

"चारा पण आमचा, आप्पा." साहेबही हसले. "आणि भट्टीचे प्रमुख म्हणून धाकटे. ताई, तुम्ही फार दमलात. लेकीकडे निवांत जा, परत यायची घाई करू नका. सल्लागार म्हणून दारावर तुमचं नाव राहीलच."

हे बोलताना त्यांनी ताईंकडे बघायला हवं होतं. ते बघत होते ताईंच्या मागे भाताचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या वहिनीकडे. त्या वेळी तिला वाटलं, भात हवा असेल.

"बरं," ताई म्हणाल्या. एवढंच.

दादा घाईघाईने बोलले, "साहेब म्हणतात ते योग्यच आहे. नदीपलीकडचे कारखानदार टपून बसलेत. आपण मागेपुढे केलं तर काम तिकडे जाईल."

"आणखी एक," साहेब भाऊजींकडे वळले. "पातं झालं, आता त्यावरचा लेप. लेपाशिवाय ते दोन-तीनदा टिकेल, रोज नाही. तिथे ज्यांच्या हाताखाली तुम्ही शिकलात ते गुरुजी आता निवृत्त झालेत. एकटेच असतात. लेप त्यांच्या हातचा. त्यांना इकडे बोलवा. पाहुणे म्हणून, हवापालटाला. तुमच्याच घरी उतरतील."

"आणि मग?" आप्पांनी विचारलं.

"मग गप्पा."

"गप्पा संपल्या की माणूस परत जातो ना?"

साहेबांनी पाण्याचा घोट घेतला. "त्यांना इथलं हवामान आवडेल, असं आम्हाला वाटतं."

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला होता. "ते म्हातारे आहेत," ते म्हणाले. "प्रवास झेपायचा नाही."

"तुम्ही एकदा तिथली विद्या आणलीत. दुसऱ्यांदा आणायला कसली अडचण?"

"बघतो."

"वरची खोली ताई गेल्यावर मोकळीच आहे," दादा म्हणाले.

वहिनीने भांडं टेबलावर आपटलं आणि ती आत गेली.

*

भाऊजी पाठोपाठ आले, पाण्याचा जग भरायचं निमित्त करून.

"वहिनी, काय झालं?"

"मला काय होतंय? आयत्या बिळावर नागोबा होणाऱ्यांनी मला विचारू नये."

भाऊजींनी मागच्या दाराकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. ड्रायव्हर खुर्चीत बसून सफरचंद खात होता आणि त्याचं तोंड हलायचं थांबलं होतं.

"आज गप्प राहा," भाऊजी अगदी ओठांत म्हणाले. "एवढंच मागतो. हवं तर नंतर चार थोबाडीत मार."

"नंतर म्हणजे केव्हा? ताईंना घराबाहेर काढून झाल्यावर? त्या बिचाऱ्या गुरुजींना फसवून आणल्यावर?"

"वहिनी, तुला वाटतंय तसं..." त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. "मला बोलता येत नाही गं."

"चोराला कुठून येणार?"

हे तिच्या तोंडून निसटलंच. भाऊजी लहानपणी आईवेगळे झालेले. ती लग्न होऊन आली तेव्हा कॉलेजात जाणारा हा पोरगा तिच्या हातचं खाऊन मोठा झाला होता. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं. मग जग उचलून ते बाहेर गेले. आणि खाई त्याला खवखवे, नाहीतर मान का खाली घातली, असं म्हणत वहिनीही त्यांच्यामागे गेली.

बाहेर साहेब ताईंना विचारत होते, "मग सोमवारपासून धाकट्यांना भट्टीच्या किल्ल्या द्याल ना?"

"आत्ता देते," ताई म्हणाल्या आणि उठू लागल्या.

"देऊ नका, ताई," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"साहेब, भट्टी यांच्या हाती देऊ नका. पातं कुठल्या टोकाने ओततात तेही यांना ठाऊक नाही."

"अगं!" दादा ओरडले.

भाऊजी हसले. इतकं खोटं हसू तिने त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "साहेब, वहिनीची चेष्टा करायची सवय आहे. कॉलेजात होतो तेव्हापासून मला छळते."

"बोलू द्या त्यांना," साहेब आणखीनच हळू म्हणाले.

आता मागे फिरणं नव्हतं, आणि तिला फिरायचंही नव्हतं. "मी रोज पाती आम्लातून काढते. खांद्यावरचा डाग भाऊजी यायच्या कितीतरी आधी कमी व्हायला लागला होता. ते आले तेव्हा जवळपास संपला होता. साचा कुठे थांबवायचा, कुठे सोडायचा, सगळं ताईंच्या डोक्यात आहे. भट्टीतल्या माणसांनाही त्या नुसतं 'आता' आणि 'थांब' एवढंच सांगतात. भाऊजींनी तिथून काहीही आणलेलं नाही. मग त्या गुरुजींच्या मागे कशाला लागता? ज्याने एकदाही आणलं नाही तो दुसऱ्यांदा काय आणणार?"

ताई तशाच अर्धवट उठलेल्या अवस्थेत थांबल्या होत्या. मग त्या सावकाश खाली बसल्या. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, त्या डोळ्यांत पाणी असेल, मोकळेपणा असेल. तिथे काहीच नव्हतं. भट्टी विझवल्यावर आत बघावं, तसं.

मऊसाहेबांना आश्चर्य वाटलं नव्हतं. त्यांनी रुमालाने ओठ टिपले, रुमालाची घडी घातली.

"असं होय," ते म्हणाले. "म्हणजे इतके दिवस आमची गाडी चुकीच्या माणसावर पहारा देत होती."

ते ताईंकडे वळले.

"ताई, पासपोर्ट घरातच असेल ना? आत्ताच दिलात तर बरं. तुम्हाला उगाच कचेरीत खेपा नकोत."

"माझ्या लेकीचे दिवस भरलेत," ताई म्हणाल्या.

"मला कळतं, ताई. पण तुम्हीच विचार करा. ज्या देशाने ही विद्या एवढी दडवून ठेवली, त्याच देशात तुम्ही ती डोक्यात घेऊन उतरणार. आम्हाला ती जमली हे त्यांना कळलंय. कशी जमली, हे त्यांनाही जाणून घ्यायचं असणार. विमानतळावर तुमच्याशी गप्पा मारायला बसतील ते. बाहेर नातवंड खेळवायला सोडतील की नाही, कोण जाणे. त्यांच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केलं असतं."

"आत्ता तेच करताय," आप्पा म्हणाले.

साहेब खुर्ची मागे सारून उठले. वहिनीला मात्र त्यांनी जाताना नमस्कार केला. "तुम्ही स्पष्ट बोललात. अशी माणसं हवीत. फुलं पाण्यात ठेवा, नाहीतर सुकतील."

*

गाडी निघून गेल्याचा आवाज विरला तरी कुणी टेबलावरून उठलं नाही. माशांवरचं तेल गोठत चाललं होतं.

"मला कुणीतरी सांगा," वहिनी म्हणाली. "मी काय केलं ते तरी सांगा."

भाऊजींनी सांगितलं. आवाज न चढवता, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"तिथे मी इंजिनाची थरथर मोजायचो, वहिनी. भट्टीच्या इमारतीत मला पाऊलही टाकू देत नसत. इकडच्या सरकारला पाती हवीत असं वर्तमानपत्रांत यायला लागलं आणि एके सकाळी माझं टेबल रिकामं करून ठेवलेलं. का, तर मी इथला. उद्या चोरशील, म्हणून आजच जा. गुरुजी एकटे माझ्या बाजूने बोलले, तर त्यांनाही घरी बसवलं. तिथे चोर नसताना चोर ठरलो. इथे परतलो तर सगळे चोर म्हणूनच पाठ थोपटायला लागले. मी नाही म्हटलं की डोळा मारायचे. मग ताई म्हणाली, तुझ्यावर शिक्का बसलाच आहे तर तो माझ्या कामी येऊ दे."

"जिच्या डोक्यात ते आहे तिला ते जाऊ देणार नाहीत," ताई म्हणाल्या, "हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पातं जमत नव्हतं तोवर माझी कुणाला पर्वा नव्हती. जमायला लागलं तशी भीती वाटायला लागली. मी पोरीला शब्द दिला होता. या खेपेला भट्टीपाशी नसेन, तुझ्यापाशी असेन."

"ताई तिथे पोचली," भाऊजी म्हणाले, "की मी साहेबाला सांगणार होतो, मला काही येत नाही. गुरुजींनाही कधी बोलावणार नव्हतो. नुसता 'बघतो, बघतो' करत राहिलो असतो. हाकललं असतं मला. त्याची सवय आहे."

वहिनी खुर्चीत बसली. "मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?"

"तू परकी नाहीस," ताई म्हणाल्या. "पण तुला सांगितलं की दादाला कळतं. आणि दादाला कळलं की..." त्यांनी भावाकडे बघितलं नाही. "त्यालाच विचार."

वहिनी नवऱ्याकडे वळली. दादा टेबलावरचं मीठ बोटाने गोळा करत होते.

"अहो?"

"कारखाना चालवायचा असतो," दादा म्हणाले. "साहेब महिन्यातून एकदा बोलावतात, दोन शब्द बोलावे लागतात. सगळेच बोलतात."

"कुठलं टोक खाली, ते सांगितलंत?"

"गंमत म्हणून गं! तू मला गंमत म्हणूनच सांगितलं होतंस ना? मीही तसंच सांगितलं. ते हसलेसुद्धा."

वहिनीला ते हसणं डोळ्यांसमोर दिसलं. आणि भाताच्या भांड्यामागे उभ्या असलेल्या आपल्याकडे लागलेली ती नजरही. त्यांना भात नको होता. त्यांना संशय होता, खात्री हवी होती. ताईंना बाजूला सारलं की या घरात कोण खवळेल, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. गळ टाकला होता आणि ती धावत जाऊन अडकली होती, वर स्वतःला शूर समजत.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"तू एकटी नाहीस." आप्पा काठी टेकत उठले. "या घरात प्रत्येकाने दुसऱ्यावर नजर ठेवली, म्हणून बाहेरच्याला फार कष्ट पडले नाहीत. सूनबाई, खरं जरूर बोलावं. पण बोलायच्या आधी दार लागलंय का बघावं."

ते दादांपाशी थांबले. वाटलं, आता काठी उगारतात. पण ते नुसते म्हणाले, "पंप ओतत होतो तेव्हा तू बरा होतास," आणि आपल्या खोलीत निघून गेले.

त्या दुपारी दादांनी ताईंची माफी मागितली, ती ताईंनी ऐकून घेतली. वहिनी माफी मागायला वर गेली तेव्हा ताई बॅगेतले कपडे परत कपाटात लावत होत्या. वहिनीने एक घडी उचलली. ताईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली, पुन्हा घातली आणि म्हणाल्या, "तुझ्या मनात माझं भलंच होतं. तेच तर वाईट आहे. रागवावं म्हटलं तरी रागवता येत नाही."

*

सोमवारी सकाळी करडी गाडी रस्ता ओलांडून थेट फाटकाच्या आत आली होती. दिवाणखान्यात एक तरुण बाई बसली होती. केस घट्ट बांधलेले, वागणं आदबीचं. यापुढे ताई घरी असतील तेव्हा ही बाई असणार होती, बाहेर गाडीतली माणसं. फोनवर काय बोलायचं नाही, हे तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. कामाबद्दल नाही, प्रवास का रद्द झाला त्याबद्दल नाही, तिच्याबद्दल नाही. फोन ऐकला जाईल हेही तिने लपवलं नाही. चहा मात्र नको म्हणाली.

ठमीचा फोन ठरल्या वेळेला आला. रोजच्यासारखा दिवाणखान्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आप्पा खिडकीपाशी संत्रं सोलत बसले होते. भाऊजी जिन्यात उभे होते. दादा घरात नव्हते, त्यांना लवकर बोलावणं आलं होतं.

"ठमे," ताई म्हणाल्या, "मला यायला जमत नाहीये."

ठमीचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "का?"

"जमत नाहीये गं."

"का पण? तिकीट आहे, बॅग भरलीस म्हणालीस. डॉक्टर म्हणतात, कधीही होईल. आई, भट्टी का? पुन्हा भट्टीच का?"

ताईंनी तोंड उघडलं. समोरच्या बाईने मान किंचित वर केली. ताईंनी तोंड मिटलं.

"बोल ना! मला वाटलंच होतं. तुला ती भट्टीच प्यारी. मागल्या वेळीही—"

ताईंनी फोन वहिनीपुढे धरला. "तू बोल तिच्याशी," त्या म्हणाल्या. "तुला खरं बोलायची सवय आहे." आणि चपला घालायला दाराकडे गेल्या. कामाची वेळ झाली होती.

वहिनीने फोन घेतला. तो गरम होता.

"मामी?" ठमी रडत होती. "मामी, काय झालंय? आई का येत नाहीये?"

वहिनीने बाईकडे पाहिलं, जिन्यातल्या भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी नजर चोरली नाही, पण मदतही केली नाही. करण्यासारखी नव्हतीच.

"आप्पांना बरं नाहीये गं," ती म्हणाली. "पडले ते. काल दुपारी. ताईंशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, तुला ठाऊक आहे."

खिडकीपाशी आप्पांचे हात थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग संत्र्याची साल मांडीवर ठेवून ते खोकायला लागले. आजारी म्हाताऱ्यासारखे, पोटातून, पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ठमी ऐकत राहिली. "खरंच पडले?" तिने विचारलं. "मामी, तू सांग. त्या घरात एकटी तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस. शपथ घेऊन सांग."

समोरची बाई समाधानाने मान हलवत होती.

"शपथ," वहिनी म्हणाली. "आई तुझ्याकडेच निघाली होती, बाळा."

बाहेर फाटकाच्या आत गाडीचं दार ताईंसाठी उघडलं गेलं आणि बंद झालं.